बाळंत दवाखान्याचे नकाशे

माझ्या अव्वाला, म्हणजे आईला, कापड कळायचं आणि आप्पांना भिंती. एकमेकांचं मात्र दोघांना काही म्हणता काही कळत नव्हतं, आणि तरी जन्मभर संसार झाला. भवानी पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत रोज एक भांडण ठरलेलं असे आणि त्याचा विषयही ठरलेला असे. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक.

त्या ट्रंकेत आप्पांचे नकाशे होते. माझे वडील रेवणप्पा तरुणपणी मुंबईच्या एका गोऱ्या साहेबाकडे नकाशे काढायला होते. साहेब आर्किटेक्ट. त्याचं मोठं ऑफिस मुंबईत, आणि सोलापूरच्या गिरण्यांची कामं मिळायची म्हणून इथं एक खोली. साहेब वर्षाकाठी एखादी चक्कर मारायचा, टोपी सावरत चार ठिकाणी काठी दाखवायचा आणि परत जायचा. बाकी सगळा उंटावरून शेळ्या हाकण्याचा कारभार. त्या खोलीतून, दुसऱ्या महायुद्धाच्या आधी, गिरणीतल्या बायकांसाठी एक प्रसूतिगृह बांधलं गेलं. लोक त्याला बाळंत दवाखाना म्हणतात. माझा जन्म तिथलाच. दारावरच्या दगडात साहेबाच्या कंपनीचं नाव कोरलेलं आहे. आप्पा सांगायचे की ती इमारत माझी, साहेबानं फक्त सही केली.

लोक हसायचे. पानपट्टीवर, बाजारात, लग्नाच्या पंगतीत कुणीतरी डिवचायचंच, "काय रेवणप्पा, तुमचा दवाखाना काय म्हणतोय?" आणि आप्पा, भोळे सांब, खरंच उत्तर द्यायला बसायचे. सगळ्यात मोठ्यानं हसायची ती माझी आई. "दवाखाना म्हणं ह्येंचा! घरात खुंटी ठोका म्हटलं तर भिताडाचा पोपडा पाडत्यात," असं ती चारचौघांत म्हणायची. मग लोक म्हणायचे, घरची बायकोच हसते, यावरून काय ते समजा. मला संताप यायचा. मी पहिल्यापासून फटकळ. आईला तोंडावर बोलायचे, आणि आप्पा उलट मलाच गप्प बसवायचे.

साहेब देश सोडून गेला तेव्हा ती खोली बंद झाली आणि तिथलं सगळं रद्दीत निघालं. आप्पांनी दवाखान्याचे नकाशे आणि साहेबाची चार पत्रं तेवढी ट्रंकेत घालून सायकलवरून घरी आणली. ते नकाशे कागदावरचे नव्हते. त्या काळी पक्का नकाशा ट्रेसिंगच्या कापडावर काढत. मूळचं तलम सुती कापड, त्याला दाट खळ देऊन, घोटून घोटून काचेसारखं गुळगुळीत केलेलं. त्या खळीवर काळ्या शाईच्या रेघा. पाण्याचा थेंब पडला की खळ सुटते आणि तिच्याबरोबर रेघ जाते. म्हणून आप्पा काम करताना कपाळाला फडकं बांधायचे, घाम टपकू नये म्हणून. हे त्यांनी घरात सांगितलं नसेल असं नाही. पण ते नकाशांबद्दल बोलायला लागले की अव्वा चुलीकडे तोंड करायची.

अव्वा, म्हणजे गुरम्मा, मैंदर्गीच्या विणकरांच्या घरातली. लहानपणापासून सुताला खळ लावण्यात हात बुडालेले. बाजारात कापड चिमटीत धरलं की दुकानदाराचा चेहरा उतरायचा. "ह्यात कापड कमी आन् खळच जास्त हाय. दोन धुण्यांत जाळी दिसंल," असं ती गिऱ्हाइकांसमोर सुनवायची. माणसाचंही ती तसंच बघायची. पक्क्या रंगाचा कोण आणि कच्च्या रंगाचा कोण, एवढाच तिचा हिशेब. आप्पांना तिनं कच्च्यात टाकलं होतं.

बहात्तरच्या मोठ्या दुष्काळानंतरची वर्षं. विद्यापीठाच्या इथल्या केंद्रात जुने दस्तऐवज जपायचा एक विभाग निघाला. इमारती बांधणाऱ्यांचे नकाशे, पत्रं, मोजमापं असलं सगळं गोळा करून ते ठेवणार होते. त्याचं काम त्रिंबक सरांकडे होतं. सर इतिहास शिकवायचे, हुशार, भरभर बोलणारे. कुणाकडून तरी आप्पांचं नाव त्यांच्या कानावर गेलं, बहुधा चेष्टेतच गेलं असेल, पण सर खरोखर घरी आले. मी मैंदर्गीच्या शाळेत शिक्षिका होते, रविवार म्हणून घरी आलेली.

आप्पांनी ट्रंक माळ्यावरून काढली. पहिली गुंडाळी उघडली आणि सर खाली वाकले ते वर येईनात. "अहो, हे तर मूळ नकाशे आहेत," ते म्हणाले. "मी पुण्या-मुंबईला शोधले, कुठंही नाहीत. कंत्राटदाराला दिलेल्या निळ्या प्रती कधीच्या फाटून गेल्या." मग त्यांनी एका खोलीच्या उभ्या छेदावर, म्हणजे खोली उभी कापून दाखवलेल्या चित्रावर, बोट ठेवलं. "ह्या खिडक्या इतक्या वर का?"

हा प्रश्न आप्पांना उभ्या आयुष्यात कुणी विचारला नव्हता.

"वारा लागू नये म्हणून," ते म्हणाले. "आपल्याकडं बाळंतिणीला वारा लागू देत नाहीत. खोली बंद करतात, खाली शेगडी. आणि चैत्रातलं ऊन बाहेर. साहेबाला हे ठाऊक असायचं कारण नाही, त्यानं खाली बसवलेल्या मोठमोठ्या खिडक्या सांगितल्या होत्या. बायका त्या पहिल्याच दिवशी गोधड्यांनी बुजवणार. म्हणून मी खिडक्या छताला लावल्या. गरम हवा वरून निघून जाते, खाली बाजेवर झोत येत नाही. जिन्यावरून कुणी डोकावूही शकत नाही."

"हे तुम्हाला कसं सुचलं?"

"आमच्या हिची थोरली बहीण, चिमाबाई. मैंदर्गीला बंद खोलीत उन्हाळ्यात बाळंत झाली आणि घुसमटून गेली. लग्न झाल्यावर पहिल्यांदा हिनं मला कुठली गोष्ट सांगितली असेल तर ती. सांगताना लई रडली होती. मी ती डोक्यात ठेवली."

अव्वा चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिनं ते ऐकलं. चहा बशीत सांडला, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. त्याच इमारतीत ती मला जन्म द्यायला गेली होती. भर वैशाखात, त्या उंच खिडक्यांखाली, आणि बाहेर येऊन नवऱ्याला हसली होती. मी तिच्याकडे बघत होते. इतकी वर्षं जिच्या हसण्याचा राग केला, ती त्या दिवशी तोंडात मारल्यासारखी उभी होती आणि मला तिची कीव आली.

सर मात्र व्यवहाराचे होते. "रेवणप्पा, मला तुमचं पटतंय," ते म्हणाले. "पण प्रत्येक नकाशाखाली मंजुरीची सही साहेबाची आहे. रचना तुमची, याला काही आधार?"

"आहे," आप्पा म्हणाले. "साहेब माणूस वाईट नव्हता. एका नकाशाच्या कोपऱ्यात त्यानं लाल शाईनं स्वतःच्या हातानं इंग्रजीत लिहिलंय, ही रचना रेवणप्पाची, आहे तशी बांधावी. ह्यातच आहे कुठंतरी."

गुंडाळ्या वर्षानुवर्षांत एकमेकींना चिकटल्या होत्या, ओढून उघडल्या असत्या तर फाटल्या असत्या. आप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, संध्याकाळ झालेली. सर म्हणाले, सावकाश सोडवून काढा, मी गुरुवारी जीप घेऊन येतो. "तेवढा एक नकाशा हाती आला की सगळा संग्रह तुमच्या नावानं नोंदवतो. नाहीतर मात्र साहेबाच्या नावानं करावा लागेल. आमचा नाइलाज असतो."

सर गेल्यावर आप्पा मला म्हणाले, "मीने, मला दगडावर नाव नको गं. पण उद्या एखादा पोरगा तिथं बसून हे उघडंल आणि म्हणंल, कोण हा रेवणप्पा? तेवढं झालं की झालं." माणूस किती थोडक्यात सुखी व्हायला तयार असतो.

सकाळी मी निघताना अव्वानं आप्पांना एवढंच विचारलं, "चिमाक्काचं तुमी इतकी वर्सं ध्यानात ठिवलं व्हतं व्हय?" आप्पा म्हणाले, "तूच की सांगितलंस." ती पदर तोंडाला लावून मागच्या अंगणात गेली.

पुढचं मला दोघांकडून तुकड्या-तुकड्यानं कळलं. आप्पांनी दोन दिवस खपून सगळ्या गुंडाळ्या सोडवल्या. लाल शाईचा नकाशा सापडला. तो त्यांनी ट्रंकेत सगळ्यांच्या वर ठेवला. मग त्यांना वाटलं, दवाखान्याचा गवंडी धोंडीराम वळसंगला असतो, त्यालाही गुरुवारी बोलवावं, सरांना दोन गोष्टी सांगेल. बुधवारी ते वळसंगला गेले. तिथं कळलं की धोंडीराम गेल्याच वर्षी वारला. त्याच्या मुलांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही, शेवटची एस.टी. चुकली, आप्पा तिथंच राहिले.

आणि घरी अव्वा एकटी, समोर उघडी ट्रंक.

तिनं आत बघितलं. पिवळट पडलेली कापडं, झुरळांची घाण, कडेला चहाचे आणि तेलाचे डाग. वरच्यावर तर एक तांबडा डाग. आणि उद्या हे विद्यापीठात जाणार, मोठमोठी माणसं हातात घेणार. अव्वाच्या माहेरची रीत मला पाठ होती, कारण तिनं ती माझ्यावर रोज चालवली होती. घरातून दुसऱ्याच्या दारी कापड जायचं तर धुऊन, घडी घालून जायचं. मळकं कापड उंबऱ्याबाहेर जातं ते एकतर परटाकडे, नाहीतर मढ्यावरचं. आयुष्यभर जिनं त्या ट्रंकेला चिंध्या म्हणून हिणवलं, तिला नवऱ्यासाठी काहीतरी करायचं होतं. तिला जे येत होतं ते एकच होतं.

तिनं मोठ्या घंगाळात कोमट पाणी केलं, रिठे आणि सोडा घातला आणि सगळे नकाशे एकदम भिजत घातले.

गुरुवारी सकाळी मी पहिल्या एस.टी.नं आले. मागच्या अंगणात अव्वा कासोटा घालून धुणं पिळत होती आणि चक्क कानडीत काहीतरी गुणगुणत होती. तिला गाताना मी कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं. "ये गं मीना, हात लाव," ती म्हणाली. "किती मळ म्हणून सांगू! पाणी काळंकुट्ट झालं बग. तीस वर्सांचा मळ. आन् खळ तर काय, पेजच निघाली नुसती. आतलं कापड बग, मलमल हाय मलमल! ह्येंच्या साहेबानं दिल्यालं कापड खरंच लई भारी व्हतं की गं."

मी घंगाळात बघितलं. पाणी काळं होतं.

"अव्वा," मी म्हटलं, "रेघा कुठायत?"

"ओल्यात दिसत न्हाईत. ओल्यात रंग कुटं कळतोय? वाळू दे, उमटतील." ती माझ्याकडे न बघता झटकून एकेक कापड दोरीवर टाकत होती. "शाई पक्की असंल तर जातीया कशाला? ह्येंनी काडल्यात, पक्कीच असणार."

बघा, तिनं जन्मात पहिल्यांदा त्यांना पक्क्यात धरलं होतं.

आम्ही दोघी दोरीसमोर उभ्या राहिलो. चैत्रातलं सोलापूरचं ऊन, कापड वाळायला वेळ तो किती लागणार? कडा वाळल्या, मग मधलं वाळलं. जसजसं वाळत गेलं तसतसं पांढरं होत गेलं. अव्वा एका कापडाजवळ गेली, ते उन्हासमोर धरलं, उलटं करून बघितलं, दुसऱ्याकडे गेली. तिचं चालणं हळू हळू होत गेलं.

"त्यो तांबडा डाग लई हट्टी व्हता," ती मधेच म्हणाली. "सुतात मुरला व्हता. बाकीचं सगळं एका हातात निगालं, त्यो निगंना. मग लिंबू आन् मीठ लावून घासला. बोटं सोलली बग माझी." तिनं मला बोटं दाखवली आणि माझा चेहरा बघितला. "काय झालं? तांबडा डाग कशाचा व्हता, मीना?"

मी सांगितलं. सांगायलाच हवं होतं का, हे मला आजही ठरवता येत नाही. पण मी सांगितलं.

तिनं ओरडून रडावं असं मला वाटत होतं. ती रडली नाही. दोरीखाली ओल्या फरशीवर बसली आणि हातांकडे बघत राहिली.

आप्पा आले ते पुढच्या दारातून. धोंडीराम गेल्याची बातमी सांगतच आत आले आणि अंगणाच्या दारात थांबले. त्यांनी दोरी बघितली, घंगाळ बघितलं, खाली बसलेल्या अव्वाला बघितलं. कुणाला काही सांगावं लागलं नाही. ते पुढं झाले आणि एका कापडाचं टोक हातात धरलं. ते त्यांनी डोळ्यांजवळ नेलं, अगदी जवळ, आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं. मी भिंतीला टेकून रडत होते.

"शिव्या द्या की," अव्वा खालूनच म्हणाली. "मारा मला. तुमचं समदं धुऊन टाकलं मी."

आप्पा तिच्या शेजारी ओल्यातच बसले. "तू घाण करायला गेली नव्हतीस, गुरम्मा," ते म्हणाले. "ऊठ. सर येतील आता. तू आत बस. काहीही झालं तरी बाहेर यायचं नाही, आणि हे कुणाजवळ कधी बोलायचं नाही. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

त्यांनी तिला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि दार लावून घेतलं.

सर जीप घेऊन आले. बरोबर शिपाई, लांबट पेट्या, पोचपावतीचे कागद. जीप बघून शेजारच्या बायका दारात जमल्या. सर हसत अंगणात आले आणि दोरीवरची एकाच मापाची पांढरी कापडं बघून त्यांचं हसू गेलं. इतिहासाचा माणूस, ट्रेसिंगचं कापड त्यांना कळत होतं.

"हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं. सरांनी स्वयंपाकघराच्या बंद दाराकडे बघितलं. "बाईंनी? अहो, काय अडाणीपणा हा! शहराचा इतिहास साबण लावून धुतला! हे मी छापून आणणार आहे, रेवणप्पा. वर्तमानपत्रात देणार. लोकांना कळू दे, आपल्याकडे कसल्या घरांत काय पडलेलं असतं आणि त्याची काय माती होते." शेजारच्या बायकांत कुजबुज सुरू झाली. एकीनं पदर तोंडाला लावला, हसू दाबायला.

मला सरांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. त्यांचंही चुकत नव्हतं हे आता कळतं, पण तेव्हा वाटली. मी पुढं झाले तर आप्पांनी मला हातानं मागं सारलं.

"सर, बायकोचा काही संबंध नाही," ते म्हणाले. "मी धुतले."

"तुम्ही?"

"मीच. तुम्ही आधार मागितलात ना? आधार नव्हता. लाल शाईचं मी खोटं सांगितलं. नकाशे साहेबाचे होते, मी नुसत्या रेघा गिरवल्या. तुम्ही नेऊन तपासले असते तर उघडं पडलं असतं. म्हणून काल रात्री सगळे पाण्यात घातले."

सर बघतच राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, किळस होती, आणि ती बघणं रागापेक्षा वाईट होतं.

"आणि त्या मेहुणीची गोष्ट?"

आप्पांनी मान खाली घातली. "बोलायच्या ओघात बोललो," ते म्हणाले.

बंद दाराआडून भांडं पडल्याचा आवाज आला. मला ठाऊक होतं आत काय चाललंय. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला असणार. गळ्याची शपथ होती, आणि अव्वा शपथ मोडणाऱ्यातली नव्हती.

सर म्हणाले, "निदान हे लिहून द्या. उद्या कुणी पुन्हा असला दावा करायला नको." आप्पांनी लिहून दिलं. नकाशे काढणाऱ्याचं अक्षर, मोत्यासारखं, खाली सही. सरांनी कागद पाकिटात घातला, ट्रंकेच्या तळाशी राहिलेली साहेबाची चार पत्रं घेतली आणि जीप गेली. वर्तमानपत्रात काहीही छापून आलं नाही. छापायला उरलंच काय होतं? एका म्हाताऱ्यानं फुशारकी मारली आणि पकडला गेला, एवढीच बातमी. ती पेठेत तोंडोतोंडी फिरली.

त्या दिवसानंतर आप्पा दवाखान्याबद्दल बोलले नाहीत. पानपट्टीवर कुणी डिवचलं तर म्हणायचे, "साहेबाची इमारत आहे ती," आणि चुना लावलेलं पान तोंडात टाकायचे. बोलायला लागली ती अव्वा. शपथेमुळे धुण्याचं सांगायची सोय नव्हती, आणि आप्पांनी तीच शपथ मलाही घातली होती, पण बाजारात, देवळात, पाण्याच्या रांगेत ती ज्याला त्याला सांगायची, "दवाखाना आमच्या ह्येंनीच बांदलाय." लोक तिलाही हसायचे. म्हणायचे, बायको आहे, ती असंच म्हणणार. या सोलापूरनं माझ्या आप्पांना आधी बायको हसते म्हणून खोटं ठरवलं आणि मग बायको मानते म्हणून खोटं ठरवलं. कुणाला सांगायचं आणि काय सांगायचं?

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात आप्पा गेले. झोपेतच गेले. शेवटच्या आठवड्यात अव्वा त्यांच्या पायाशी बसून म्हणायची, "शपथ सोडवा की वो." ते डोळे मिटून मान हलवायचे. नाही म्हणायचे.

शपथ ज्याची, तो गेला की शपथ सुटते, असं अव्वानं स्वतःच ठरवलं. दिवसकार्य झाल्यावर तिनं ती कापडं, जी तिनं घड्या करून त्याच ट्रंकेत जपली होती, पिशवीत भरली आणि म्हणाली, "मला त्या सरांकडं घिऊन चल."

विद्यापीठाचा तो विभाग आता चांगला सजला होता. लोखंडी कपाटं, लांब टेबलं. त्रिंबक सरांनी आम्हाला ओळखलं, खुर्च्या दिल्या. अव्वानं पिशवीतली कापडं टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. रिठे, सोडा, लिंबू, मीठ, काही सोडलं नाही. "मी धुतली, सर. त्येंनी न्हाई. लाल शाई व्हती. माज्या ह्या हातांनी काडली. तुमी मला पेपरात द्या. माजा फोटू द्या. अडाणी म्हना. पन त्येंचं नाव लावा."

सरांनी ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. एक कापड त्यांनी उघडून उजेडात धरलं, दोन्ही बाजूंनी बघितलं आणि पुन्हा घडी घातली. "बाई, हे कोरं कापड आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "तुमच्या मनात काय आहे ते मला समजतं. पण रेवणप्पांनी स्वतः लिहून दिलंय. त्यांच्या शब्दापुढे मी तुमचा शब्द कसा धरू?"

"त्यो कागुद फाडा मग."

"इथं एकदा आलेलं काही फाडत नाहीत."

"बगू तरी द्या."

शिपायानं कपाट उघडून एक जाड पुठ्ठ्याची घडी आणली. आत कडुनिंबाचा पाला, कापूर, आणि मधोमध आप्पांचा कागद. अव्वाला वाचता येत नव्हतं. ती म्हणाली, "वाच." मी वाचलं. प्रसूतिगृहाच्या रचनेशी माझा काही संबंध नाही. मी नोकर म्हणून साहेबांच्या रेघा गिरवल्या. याविरुद्ध मी पूर्वी जे बोललो ते खोटं समजावं. माझ्या वडिलांचं एवढंच अक्षर त्या विद्यापीठात आहे आणि त्यातला शब्दन् शब्द खोटा आहे.

"खाली त्येंचं नाव हाय?" अव्वानं विचारलं.

"आहे."

तिनं सहीवर हात ठेवायला पुढं केला तर शिपाई म्हणाला, "आजी, हात नका लावू, खराब हुतंय." तिनं हात मागं घेतला.

"किती वर्सं ठेवणार ह्यो?" तिनं विचारलं.

शिपायाला वाटलं, म्हातारीला काळजी वाटतेय. तो समजूत घालायला अभिमानानं म्हणाला, "काळजीच करू नका. हितला कागद आमी पाण्यापास्नं, वाळवीपास्नं, समद्यापास्नं जपतो. शंभर वर्सं ह्याला कायबी हुत न्हाय."

अव्वानं त्याच्याकडे बघितलं आणि मग ती त्या टेबलावर डोकं ठेवून मोठ्यानं रडली, जी त्या दिवशी दोरीखाली रडली नव्हती, आप्पा गेले तेव्हाही रडली नव्हती. समोर अभ्यास करत बसलेल्या पोरांनी माना वर केल्या. सर उठून खिडकीशी गेले. शिपायानं तो कागद पुन्हा पाल्यात ठेवला, घडीची नाडी बांधली आणि कपाटाला कुलूप लावलं.